भीमराजांचे लांबलचक शेरे

भीमराज ओव्हाळांना एखादी गोष्ट आवडली, असं दिघीत कुणी ऐकलेलं नाही. चाकणच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात माल तपासण्यात घालवली. गियरवर नखाएवढा चरा दिसला की लाल रंगाचा फराटा ओढायचा आणि गियर बाजूला टाकायचा. निवृत्तीनंतर रंगाचा डबा कंपनीत राहिला, फराटे मात्र त्यांच्याबरोबर घरी आले. शेजाऱ्यांचा नवा जिना, जावयाची मिशी, व्याह्यांच्या घरचं मटण, कुणी सुटलं नाही. "मटण कसलं? रबर होतं. नळाचे वायसर पाडायला बरं."

सगळ्यांत जास्त फराटे वाट्याला आले ते धाकट्या भावाच्या, बुद्धरत्नच्या. त्याची गायन पार्टी होती. जयंती असो, बारसं असो, घरभरणी असो, शिफ्ट संपली की हा पेटी घेऊन हजर. कारखान्यातल्या तीन पाळ्यांवर त्यानं स्वतः एक गाणं रचलं होतं, ते लोक आग्रहानं मागून घेत. आणि प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेत भीमराज, हातात रेकॉर्डर, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. घरी येऊन ते रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर चढवायचे आणि फाइलला नाव द्यायचे. नाव कसलं, शेराच तो: 'भोसरी जयंती, दुसऱ्या कडव्यात श्वास तुटला, ढोलकीवाल्याचं सगळं लक्ष जेवणाकडे, पेटीचा भाता गळतो आणि गायकाला त्याची शुद्ध नाही.' एकच गाणं, पण त्याच्या अशा कितीतरी फाइली. कारण प्रत्येक वेळी चूक वेगळ्या जागी.

या कॉम्प्युटरला घरात सर्व्हर म्हणत. घरातले फोटो, टीव्हीवरचे सिनेमे, सगळं त्याच्यातूनच चालायचं. एका बाजूचा पत्रा काढलेला आणि समोर कायम टेबलफॅन लावलेला. दोन वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये बुद्धरत्नचा आवाज गेला, फक्त फुसफुस उरली. म्हणजे आता त्याचं गाणं जगात या पेटाऱ्याखेरीज कुठंच नव्हतं. आणि यंदा पेटाराच आतून टकटकू लागला.

एका रविवारी मुलगी मैत्री नवा सर्व्हर घेऊन वाकडहून आली. ती माणच्या आयटी पार्कात नोकरीला आहे. बुद्धरत्नही येऊन बसला होता.

भीमराजांनी खोक्यातली वस्तू फिरवून पाहिली. "इडलीपात्र आणलंस होय?"

"पप्पा, यात दोन डिस्क आहेत. एक गेली तरी दुसरीत सगळं असतं."

"म्हणजे एक जाणार, हे बनवणाऱ्यालाच ठाऊक आहे. आमच्याकडे असला माल गेटाबाहेर गेला नसता. पण वाकडात काय, बिल्डिंगला आकाश शिवायला लावायचं आणि पाणी टँकरचं प्यायचं. तिथं हेच खपणार."

मैत्रीनं वायर जोडली. फोटो सरळ गेले. सिनेमे गेले. गाण्यांची पाळी आली आणि नव्या डब्यानं एकेक फाइल परत फेकायला सुरुवात केली. मैत्री टीव्हीच्या पडद्याकडे बघत राहिली, मग तिला हसू फुटलं.

"पप्पा, नावं फार लांब आहेत. मराठीचं एक अक्षर इथं इंग्रजीच्या तीन अक्षरांची जागा खातं. जुन्यानं चालवून घेतलं, हा नाही घेत."

"दादा," बुद्धरत्न फुसफुसला, "जन्मभर लोकांचा माल परत पाठवलास. आज तुझा आला."

तो पडद्याजवळ सरकला. हे शेरे त्यानं कधी पाहिले नव्हते. वाचता वाचता त्याचे खांदे हलू लागले. "'चऱ्होली, गायक म्हशीसारखा हंबरला.' कधी रे?"

"हंबरलास तेव्हा."

"शेरे मी वेगळे लिहून ठेवते," मैत्री म्हणाली. "फाइलला नुसता नंबर देऊ."

"शेरा मालावरच लागतो. कागदावर वेगळा लिहिला तर मालाला कोण विचारतं?"

तेवढ्यात पेटारा जोरात टकटकला आणि पडदा क्षणभर गोठला. मैत्रीचं हसू गेलं. "पप्पा, ही डिस्क कधीही बंद पडेल. शेरे हवेत का काकांचा आवाज हवाय, ते सांगा."

भीमराजांनी कीबोर्ड ओढून घेतला. ढोलकीवाल्याचं जेवण खोडलं. पेटीचा भाता खोडला. तुटलेले श्वास, फसलेल्या ताना, उशिरा आलेला माइकवाला, सगळं उडवत गेले. शेजारून बुद्धरत्नची घासाघीस चालली होती.

"ते हंबरणं ठेव ना दादा. छान लिहिलंयस."

"जागा नाही. या इडलीपात्राला विचार."

गावाचं नाव आणि एखाददुसरा टोमणा, एवढंच घेऊन फाइली पलीकडे जाऊ लागल्या. शेवटी एकच उरली, ऑपरेशनच्या आधीचा दिघीचा कार्यक्रम. तिचं नाव सगळ्यांत लांब. 'डॉक्टरनं गाऊ नको म्हटलं तरी उभा राहिला, हट्टी गाढव, तिसऱ्या कडव्यात आवाज फाटला तरी थांबला नाही' असं ते पुढे बरंच चाललं होतं. भीमराजांनी ते मोठ्यानं वाचलं नाही. सगळंच खोडलं. 'दिघी' लिहिलं.

"एखादा शब्द मावेल अजून," मैत्री म्हणाली.

"नको. पाठव."

फाइल अर्ध्यावर अडकली. पेटारा खरवडल्यासारखा वाजू लागला. भीमराजांनी टेबलफॅन उचलून आणखी जवळ धरला आणि हातातच धरून ठेवला. मग पडद्यावरची पट्टी हलली, भरली, फाइल पलीकडे पोचली.

"लाव," ते म्हणाले.

नव्या डब्यातून बुद्धरत्नचा आवाज घरभर पसरला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्यात आवाज मधोमध फाटला.

"फाटला," बुद्धरत्न फुसफुसला.

"गप रे," भीमराज म्हणाले. "ऐकू दे."