तेहतीस सेंटीमीटर

दवाखान्यातली नर्स सगळ्यांची टेपताई. बावीस वर्षं ती गरोदर बायकांची पोटं मोजत आली. पाचव्या महिन्यानंतर जितके आठवडे तितके सेंटीमीटर, हा तिचा वेद. टेप लावायची, कार्डावरच्या वाढीच्या रेषेवर ठिपका द्यायची. वर म्हणायची, "तारखा तुम्ही विसरता गं. टेप विसरत नाही."

कापडी टेप ती स्वतःच्या हाताने उकळून धुवायची. गेल्या महिन्यात नवी आली. तीही तिने चारदा उकळली.

वेल्डरची बायको तपासायला आली.

"तीस आठवडे झाले, ताई."

टेपवर तेहतीस भरले.

"तीस काय! आधी बोटं मोजायला शिक." तिने कार्डावरचं तीस खोडलं, तेहतीस लिहिलं.

कार्ड वेल्डरने वाचलं. लांबच्या कामावरून परतून त्याला तीसच आठवडे झाले होते.

दुसऱ्या दिवशी शेजारणीने त्याच्या बायकोला उचलूनच आणलं. ओठ फाटलेला. एक डोळा बंद. पोटावर बुटाची टाच उमटलेली. खाली रक्त थांबत नव्हतं.

"वरचे तीन आठवडे कुणाचे, विचारत होता," ती कण्हत म्हणाली. "आठवड्याला एक लाथ."

डॉक्टर तिला आत घेऊन गेले. टेपताईने महिन्याभराची कार्डं काढली. सगळीच बाळं तीन-तीन आठवडे पुढे. तिने टेप स्टीलच्या पट्टीवर ताणली. पट्टीचे तीस, टेपचे तेहतीस. उकळून टेप आटली होती.

वेल्डर बाहेर बाकावर येऊन बसला होता. तिने दोन्ही त्याच्यापुढे धरलं.

"टेप आटलीय. तुझी बायको तीसच म्हणत होती. मी ऐकलं नाही."

त्याने टेप पट्टीला लावून पाहिली. मग उसळला. "म्हणजे तू केलंस हे!" त्याने तिचा गळा धरला. डोकं भिंतीवर आपटलं. एकदा. पुन्हा एकदा.

"चूक माझी," ती घुसमटत म्हणाली. "लाथा तुझ्या."

कंपाउंडरने त्याला ओढून काढलं.

ती आत गेली. डॉक्टरांनी बाळाचे ठोके शोधायला लावलेली नळी कानातून काढली, तिच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. टेपताईने कार्ड घेतलं. तेहतीस खोडून तीस लिहिलं. तिच्या कानामागचं रक्त त्यावर ठिबकलं.

"बाळाची वाढ बरोबर होती ना, ताई?" वेल्डरच्या बायकोने खाटेवरून विचारलं.

"बरोबर होती गं. अगदी रेषेवर."

"मी तीस म्हणाले होते," ती म्हणाली आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.