आधी पोळी, मग शिक्षा

माझी बायको निशिगंधा कोपरला मुलींना खो-खो शिकवते. घरात मी पंखा चालू ठेवून बाहेर पडलो तरी माफी नाही, पण मैदानावर एखादी चुकली की बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलीस का?" नसेल तर डब्यातली पोळी-भाजी पुढे येते. शिक्षेचं नंतर.

यामागचं कारण मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. लहानपणी विठ्ठलवाडीला हिची आई अंथरुणाला खिळलेली. ही शाळकरी पोर घरच्यांचा स्वयंपाक उरकून उपाशीच खेळायला जायची. एकदा घेरी आली, ही खाली बसली. सरांनी सगळ्यांदेखत आळशी म्हणून संघातून काढलं. का बसलीस, हे विचारलंच नाही. ही पुन्हा कधी खेळली नाही. त्या माणसाचा मला अजून भयंकर राग येतो.

यंदा जिल्ह्याचा अंतिम सामना ठाण्याला होता. जिंकलो तर आमच्या पोरी पहिल्यांदाच राज्य स्पर्धेला जाणार होत्या. आणि नेमकी ऐश्वर्या, आमची सगळ्यात चपळ खेळाडू, सरावाला येईना. मैत्रीण निरोप आणायची, ताप आहे. निशिगंधा बघायला घरी गेली, तर ऐश्वर्या भाकऱ्या थापत होती. आईचा हात प्लास्टरमध्ये.

"जेवलीस का?" हिने विचारलं. पोरगी रडायलाच लागली.

तिला खाऊ घालून झाल्यावर निशिगंधा म्हणाली, "सराव बुडाला त्याची शिक्षा नाही. उद्यापासून तुझ्या वेळेने सराव. पण मैत्रिणीला खोटं बोलायला लावलंस. फायनलचा पहिला डाव तू बाहेर."

गेल्या वर्षी स्वतःच्या भाचीला, मैथिलीला, हाच नियम लावला होता. तरी पालक खवळले. मीही म्हटलं, "अगं, एवढी एक मॅच सोड ना!"

"मला काढलं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, केदार. हिला मी विचारलंय. ऐकून घेतल्यावरही जे चुकीचं राहिलं, त्याचीच शिक्षा आहे."

मग पालकांची समजूत घालायला मीच गेलो. दुसरं काय करणार?

पहिल्या डावात आम्ही मागे पडलो. ऐश्वर्या बाहेरून घसा फोडून पोरींना सावध करत होती, पाणी देत होती. दुसऱ्या डावात ती उतरली आणि सामन्याचा नूरच पालटला. शेवटच्या पळतीत आमची ती एकटीच उरली. ती बाद झाली की आमची एका गुणाची आघाडी गेली. खांबाला वळसा, हुलकावणी, पुन्हा वळसा. समोरच्या पोरी दमल्या, ही काही हाती लागेना. शिट्टी वाजली. एका गुणाने जिंकलो! मी इतका ओरडलो की माझा आवाजच गेला.

सगळ्या पोरी नाचत होत्या. निशिगंधा मात्र पायरीवर बसून होती. गळ्यात पदक घातलेली ऐश्वर्या वडापाव घेऊन तिच्यासमोर उभी राहिली.

"ताई, सकाळपासून बघतेय. तुम्ही जेवलात का?"

निशिगंधाने नकारार्थी मान हलवली आणि तिचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत तिला मैदानावर हे कुणी विचारलं नव्हतं.

"मग आधी खा," ऐश्वर्या म्हणाली. "राज्य स्पर्धेचं नंतर बोलू."