साडूची शाळा

दयारामाला साडूचं एकही सुख कधी पचलं नाही. शिवदासला पहिला मुलगा झाला तेव्हा याच्या पोटात दुखलं. शिवदासच्या विहिरीला वैशाखातही पाणी राहिलं तेव्हा दुखलं. त्याच्या अंगणातला हापूस मोहोरला तेव्हा तर दयाराम आठवडाभर बायकोशी धड बोलला नाही, जसा काही ठमीनंच जाऊन तो मोहोर लावला होता. ठमी आणि तुळशी सख्ख्या बहिणी. थोरली ठमी कांडळपाड्यात दयारामाला दिलेली, धाकटी तुळशी भेंडीखारात शिवदासला. दोन गावांच्या मधे एक खाडी आणि तिच्यावर पूल. साडू इतक्या जवळ असू नये, असं दयारामाचं ठाम मत होतं.

तसा माणूस वाईट नव्हता. थोडं भात, थोडी सुपारी, आणि नाव होतं ते शाकारणीत. उन्हाळा सरत आला की काशीदपासून मुरुडपर्यंतची माणसं कौलं चाळायला त्यालाच बोलवायची. सगळी कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला टाकायची, कौलांखालच्या कुजक्या लाकडी रिपा बदलायच्या आणि पावसाच्या आत छप्पर पुन्हा बसवायचं. पुढंपुढं लोक स्लॅब टाकायला लागले आणि बोलावणी कमी झाली. पण गावच्या शाळेचं छप्पर दर वर्षी तोच चाळायचा, तेही फुकट. मुलगा दिपेश आणि सून नोकरीपायी पनवेलला, म्हणून नात प्राप्ती आजीआजोबांजवळ राहून गावच्या शाळेत जायची. तिचा पालक या नात्यानं दयाराम शाळा समितीत गेला आणि अध्यक्षही झाला. भेंडीखारच्या शाळेचा अध्यक्ष शिवदास होता. मग याला व्हावंच लागलं.

त्या भेंडीखारच्या शाळेला गेल्या साली नवी इमारत मिळाली. आसपासच्या गावांच्या शाळांचं मिळून एक केंद्र होतं, आणि त्या केंद्राचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. कुठं वृक्षारोपण, कुठं बालआनंद मेळावा, अशा बातम्या त्यावर यायच्या. आता त्यावर रोज भेंडीखारच दिसायला लागलं. भेंडीखारचा स्लॅब, भेंडीखारचे नळ, भेंडीखारच्या पायऱ्यांवर हसत उभा शिवदास. दयाराम प्रत्येक फोटो बोटांनी मोठा करून बघायचा आणि खोट काढायचा. "फरशी बघ कसली. शाळा हाय का दवाखाना?" असं ठमीला विचारायचा. ठमी मासे साफ करत असायची. ती म्हणायची, "चांगली हाय की." मग त्याचं जेवणावरचं मन उडायचं.

इकडं कांडळपाड्याची शाळा म्हातारी झाली होती. भिंतींना ओल, जमीन उखडलेली, आणि मधल्या आढ्याला वाळवी. ठोकलं की पोकळ वाजायचं. पोरांची संख्या दर वर्षी घटत होती. शाळेच्या प्रणालीबाईंनी त्याला सरळच सांगितलं, "अध्यक्ष, यंदा इंजिनियर पाहणीला येणार आहेत. इमारत धोकादायक ठरली तर नवी मंजूर होईल आणि मुलं टिकतील. नाही झाली, तर पट आणखी उतरेल आणि आपली शाळा भेंडीखारात विलीन करतील."

विलीन या शब्दाचं दयारामाला फारसं काही वाटलं नाही. भेंडीखार या शब्दानं मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. आपल्या गावची शाळा साडूच्या दारात जाऊन उभी राहणार, यापेक्षा खाडीत गेलेली बरी.

त्याच सुमारास तुळशीच्या पुतणीची हळद होती. मांडवात बँड वाजत होता, जेवणं चालली होती. शिवदासनं दयारामाला हाताला धरून मांडवाच्या बाहेर, माडाखाली नेलं.

"दयारामभाव, एक सांगू? इंजिनियर यायच्या आधी शालंच्या कौलांना हात लावू नका. हाय तशी दिसू द्या. आमी तेच केलेलं."

एवढंच बोलून तो पाहुण्यांना पाणी द्यायला गेला. बोलणं सरळ होतं, पण दयारामाच्या कानापर्यंत पोचेस्तोवर ते वाकडं झालं. आपली शाळा साहेबाला गोठ्यासारखी दिसावी, मग केंद्रात हसं व्हावं आणि भेंडीखारची आणखी उठून दिसावी, हाच याचा डाव. आपल्या हातचं छप्पर आणि गळकं दाखवायचं? घरी पाहुणा येणार म्हटल्यावर माणूस अंगण सारवतो. इथं तर साहेब येणार होता.

ठमीनं परोपरीनं सांगितलं. प्रणालीबाई तर सुट्टीला गावी जाण्याआधी हात जोडून बजावून गेल्या होत्या. दयारामानं शिडी लावलीच. सोबत हाताखालचे गडी अंबाजी आणि सदू घेतले. त्या वर्षी त्यानं जशी शाकारणी केली तशी सबंध आयुष्यात केली नव्हती. एकेक कौल काथ्यानं घासलं. रिपा नव्या ठोकल्या. भिंतींच्या भेगा सिमेंटनं लिंपून वर चुना काढला. पोकळ आढ्याला खालून फळी मारली आणि त्याला काळं ऑइल असं फासलं की ते नवंकोरं सागवान वाटावं. मग रस्त्यावर उभं राहून त्यानं शाळेकडं पाहिलं. भेंडीखारची झक मारते, असं तो मनात म्हणाला, आणि कित्येक महिन्यांनी पोटभर जेवला.

इंजिनियर आले, वर बघितलं, भिंतीवरून हात फिरवला. "फार छान ठेवलीय हो," म्हणाले. दयाराम फुलून गेला. जूनमध्ये ग्रुपवर केंद्राची बातमी आली. कुठल्या शाळा धोकादायक ठरल्या त्यांची नावं होती, आणि खाली लिहिलं होतं: कांडळपाडा, सुस्थितीत, नव्या इमारतीची गरज नाही.

प्रणालीबाई त्याच्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. ठमी बोलली. "ज्याचं करावं भलं, तो म्हंतो माझंच खरं. शिवदासभावजींनी सांगितलं व्हतं ना तुमाला?"

दयारामाला त्या बातमीपेक्षा एकाच गोष्टीची धास्ती होती. शिवदास आता हसणार, चारचौघांत सांगणार. तो वाट बघत राहिला. बाजारात गाठ पडली, शिवदासनं भाताच्या आव्याचं, रोपांचं विचारलं. बारशाला भेटला, प्राप्तीचं विचारलं. शाळेचं नाव काढलं नाही. दुसऱ्या कोणी काढलं, तर म्हणाला, "दयारामभावच्या हातची कौलं. त्यात साहेबाचा काय दोस?" दयारामानं त्या वाक्यात टोमणा शोधला. उलटंसुलटं करून पाहिलं, सापडला नाही. साडू हसला असता तर याला त्याच्याशी भांडता आलं असतं. आता नुसतंच जळायचं होतं.

जुलैत एका रविवारी, पाऊस कोसळत असताना, आढं मोडलं. फळी, ऑइल, घासलेली कौलं, सगळं पोरांच्या बाकांवर आलं. वर्गात कोणी नव्हतं. दयारामानं दारात उभं राहून तो ढीग पाहिला. दुसऱ्या बाकावर प्राप्ती बसायची. तो तिथंच चिखलात बसला.

सोमवारी शिवदास टेम्पो घेऊन आला. त्यानं आणि अंबाजीनं धड राहिलेली बाकं, लिहायचे फळे, बाईंचं कपाट भेंडीखारात नेलं. नव्या इमारतीतली एक खोली त्यानं रिकामी करून ठेवली होती आणि दारावर पाटी लावली होती: जिल्हा परिषद शाळा, कांडळपाडा. इंजिनियर पुन्हा येणार होते, आणि तोवर शाळेचं नाव टिकावं म्हणून ही पाटी. दयारामाला ते कळलं. तरी पाटी बघून त्याच्या मनात आलं ते एवढंच, की अक्षर साडूच्या शाळेच्या पाटीपेक्षा बारीक काढलंय.

पंधरा ऑगस्टला भेंडीखारात दोन्ही शाळांचं एकच झेंडावंदन झालं. दोरी शिवदासच्या हातात होती. त्यानं ती दयारामापुढं धरली. "तुमी थोरले."

दयारामानं झेंडा फडकवला. टाळ्या वाजल्या. त्या आपल्यासाठी नाहीत, दोरी दुसऱ्याच्या हाती देणाऱ्यासाठी आहेत, हे त्याला टाळ्या ऐकताच कळलं. सगळा गाव शिवदासकडं बघत होता. याच्या मानातसुद्धा मान त्यालाच मिळत होता. दयारामाला इतका मत्सर वाटला की डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं देशप्रेम.

लाडू वाटून झाले. प्राप्ती धावत आली, त्याचं बोट धरून त्याला वर्गात घेऊन गेली आणि आपली जागा दाखवली. ती बाकावर बसली. तोही शेजारी टेकला. बारक्या बाकावर गुडघे हनुवटीला लागत होते. कांडळपाड्याच्या वर्गात तो असा कधी बसलाच नव्हता. त्याची जागा नेहमी छपराच्या वर.

"आजोबा," प्राप्ती लाडू खातखात म्हणाली, "आपली शाला नवीन झाली ना, तरी मी हितंच येनार."

दयारामाच्या अंगाचा तिळपापड झाला. "का? हितं काय सोनं लागलंय?"

"हितं वर बघायला लागत न्हाय."

"म्हंजे?"

"तिकडं आमी सगली वर बघत बसायचो. माती पडायची ना वह्यांवर, करकर वाजायचं. बाई म्हनायच्या फल्याकडं बघा. पन भीती वाटायची." तिनं बोट चाटलं. "हितं न्हाय वाटत."

"मला कधी बोलली न्हाईस."

"तुमी छप्पर केलेलं ना. तुमाला वाईट वाटलं असतं."

बाहेर शिवदास उरलेले लाडू डब्यात भरत होता. दयाराम बाकावर तसाच बसून राहिला. मग त्यानं मान वर करून साडूचा स्लॅब या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बघितला. त्यात भेग सापडू नये, असं त्याला वाटत होतं.