मुहूर्तावर नवरदेवाचं बारसं

माझ्या भाचीच्या लग्नात नवरदेव मांडवातच हरवला, आणि हरवणारा मी होतो.

पल्लवीने ब्राझीलचा मुलगा पसंत केला. त्यांची भाषा पोर्तुगीज. मी मोबाईलवर तीन आठवडे स्पॅनिश शिकलो. (सख्ख्या बहिणीच त्या! एकीची ओळख निघाली की दुसरी चहा पाजतेच.) नेर तालुक्यात स्पॅनिश येणारा मी एकटाच, त्यामुळे चूक काढायला कोणी नव्हतं.

नवरदेवाचं नाव विचारलं, तर पल्लवीची आत्या आडवी आली. "लग्नाआधी नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही! उखाण्यातच घे." पोरीने कागदावर लिहून दिलं: जे, ओ, आर, जी, ई. मी चष्मा पुसून निकाल दिला, "जे म्हणजे ह. होर्हे!" पल्लवी जोरजोरात नाही-नाही अशी मान हलवत होती. मला वाटलं, लाजून राह्यली! पत्रिकाही तशीच छापली.

मुहूर्ताला पाच मिनिटं उरली, बोहलं रिकामं! मी माईकवर गरजलो, "होर्हे, बेन आकी!" म्हणजे 'इकडे ये'. कोणी हललं नाही. घसा खरवडून पुन्हा ह काढला. मागून आवाज आला, "मामाले ठसका लागला, पाणी द्या रे!"

नवरदेव पंख्याखाली निवांत मठ्ठा पिऊन राह्यला होता.

"हात धरून आणा ना त्याले!" भटजी कळवळले. पण आता प्रश्न माझ्या स्पॅनिशच्या इभ्रतीचा होता! मी तिसऱ्यांदा गरजलो.

खोलीतून पल्लवी किंचाळली, "आत्या, मुहूर्त चालला! घेऊ दे नाव!"

"मंग उखाण्यात घे!"

पल्लवी शालू सावरत आली, माझ्या हातातला माईक हिसकावून म्हणाली:

"मांडवात घातला मामांनी घोळ,
झॉर्झीराव उठा, टळून राह्यली वेळ!"

झॉर्झी! पोर्तुगीजमध्ये जे म्हणजे झ! वर ज्या विहीणबाईंना मी दोन दिवस 'रोसा' म्हणत होतो, त्या निघाल्या 'होझा'; त्यांच्यात नावाच्या सुरुवातीचा र म्हणजे ह! म्हणजे ह होता हो त्यांच्याकडे, मीच भलत्या ठिकाणी खर्च केला!

नवरदेव पेल्यासकट धावला. अर्ध्या मिनिटाने मुहूर्त वाचला.

अक्षता पडल्यावर मी स्पॅनिशमध्ये माफी मागायला गेलो. त्याने हात जोडले. "मामाजी, मराठीत बोला ना! वर्षभर पल्लवीजवळ शिकून राह्यलो."

"अन् मंग मी दोन दिवस स्पॅनिश झाडत होतो, तवा मराठीत बोलला कायले नाही?"

"मले वाटलं," तो अदबीने म्हणाला, "तुमालेच मराठी येत नाही!"