खुंटीवरच्या पिशव्या

लेकीच्या उजव्या हाताचं काय होणार, हा घोर आईच्या मनातून काही केल्या जात नव्हता. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना मध्येच ते सुजलेलं मनगट तिच्या डोळ्यांसमोर येई. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं, महिनाभर पिठाला हात लावायचा नाही, नाहीतर बोटांतली ताकद जाईल ती परत यायची नाही. लेकीने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पीठ मळायला घेतलं.

लेकीला घरात ठमी म्हणत. लहानपणी जिथे बसवली तिथेच बसून राहायची, म्हणून. मोठेपणी तिने गल्लीच्या तोंडाशी पावाचं दुकान टाकलं, तेव्हा तिचे वडील म्हणाले होते, "आता ही बसली ती बसलीच." तेव्हा सगळे हसले होते.

गेल्या वर्षी चौकात मोठं दुकान आलं. आत गारवा, झगमगाट आणि पाव निम्म्या भावात. ठमीचे पाव संध्याकाळपर्यंत फळीवर पडून राहू लागले. तेव्हा गल्लीतले निवृत्त मास्तर घरोघर फिरले. "आपली भट्टी विझली तर लाज आपल्याला," म्हणाले. त्यांनी स्वतः ठमीच्या दुकानाबाहेर भिंतभर खुंट्या ठोकल्या. ज्याने त्याने संध्याकाळी आपली कापडी पिशवी अडकवायची आणि सकाळी भरलेली न्यायची. पिशवी लटकली की पाव भाजायचा, सांगायची-विचारायची गरज नाही. दुकान तरलं. ठमीने मास्तरांचे मनापासून आभार मानले.

आणि आता त्याच पिशव्या तिला उसंत देत नव्हत्या.

शेवटी आईनेच 'महिनाभर दुकान बंद' अशी पाटी लिहून दारावर लावली. संध्याकाळी पाहते तो पाटीच्या दोन्ही बाजूंना पिशव्या रोजच्यासारख्या लटकलेल्या. मास्तर आपली अडकवतच होते.

"मास्तर, पाटी वाचलीत ना?"

"वाचली की. अक्षर छान आहे तुमचं. पण ती येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. आम्ही काय परके आहोत?" त्यांनी खिशातून तेलाची बाटली काढून आईच्या हातात दिली. "हे चोळायला सांगा तिला. आणि म्हणावं, घाई नाही. सकाळी पाव थोडे उशिरा मिळाले तरी चालतील."

अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

आई आत गेली. भट्टीच्या धगीने खोली तापली होती. ठमी मनगटाला पट्टा बांधून डाव्या हाताने पीठ मळत होती.

"वरच्या गल्लीतल्या बेकरीवाल्याला सांगू या," आई म्हणाली. "महिनाभर तो भरेल पिशव्या. चौकातल्या दुकानाने त्याचंही गिऱ्हाईक पळवलंय. त्यालाही चार पैसे मिळतील."

"आणि महिन्यानंतर?" ठमीने मान वर केली नाही. "त्याचा पाव माझ्यापेक्षा मऊ असतो, आई. खाल्लाय मी. एकदा पिशव्या तिकडे गेल्या की परत कोण आणतंय?"

"हात तरी राहील."

"नुसता हात घेऊन काय करू? माश्या मारू? त्याला सांगितलंस तर माझ्याशी बोलू नकोस."

तिने भट्टीतला ट्रे ओढला. तो अर्ध्यावर आला आणि उजव्या हातातून सुटला. पाव जमिनीवर विखुरले. ठमी आपल्या बोटांकडे बघत राहिली, जणू ती दुसऱ्या कुणाची होती. मग पिठाच्या पोत्यावर मटकन बसली. आई तिच्या पाठीवर हात ठेवणार, तेवढ्यात बाहेर खुंटीचा आवाज झाला. कुणीतरी आणखी एक पिशवी अडकवली होती. ठमी लगेच उठली आणि पुन्हा पिठाकडे वळली.

आईने खाली पडलेले पाव गोळा केले आणि बाहेर येऊन भिंतीशी उभी राहिली. ठमीचा अबोला तिला ठाऊक होता. एकदा रुसली की समोरून गेली तरी बघायची नाही. पण अबोला कधीतरी सुटतो.

यीस्ट संपलं की दोन्ही बेकऱ्या एकमेकींकडून मागून घेत, निरोप आईच द्यायची. त्यामुळे नंबर तिच्या फोनमध्ये होता. आतून पीठ आपटल्याचा आवाज येत होता, एका हाताने आपटल्याचा. लेकीला ऐकू गेलं तर जाऊ दे, असं म्हणून आईने तिथेच उभं राहून वरच्या गल्लीतल्या बेकरीवाल्याला फोन लावला.