ब्रेकवरचा पाय

"लाव वं ते बॅटरी, पाहत काय राहिलीस? बॅटरी लावली का येते तो."

"कोन येते, आत्याबाई?"

"कोन म्हंजे? माहा गजू. पाय ठेवून बसते ना ब्रेकवर."

शकुननं वलगावहून चार्ज करून आणलेली बॅटरी कोठ्यात उभ्या व्हॅनमध्ये बसवली, पान्यानं तार आवळली, अन् मागचे दोन्ही लाल दिवे आपोआप लागले. किल्ली तिच्या कमरेला होती. गाडीत कोणी नव्हतं. झुंजुमुंजू झालेलं, कोठ्यातला कापसाचा ढीग कोंबडं कापल्यासारखा लाल झाला. सासू गोदाबाईनं हात जोडले.

गजेंद्र, शकुनचा नवरा, उन्हाळ्यात काविळीनं गेला. खाटेवर गेला, गाडीचा त्यात काही संबंध नाही. पण गाडी त्याची. वेचणीच्या बाया वावरात न्यायचा. तो गेल्यावर शकुननं स्टेअरिंग धरलं. अन् ऐन वेचणीत हे दिवे लागले, ते विझेचनात. बॅटरी रातभरात मरे. मिस्त्री आला, तर गोदाबाई काठी घेऊन उठली, "माह्या पोराचा पाय तोडतं काय रे?" तो गेला तो गेलाच.

गावात बोभाटा झाला. बाया गाडीत बसेनात. "मेलेल्याच्या पायावर माहा जीव नाही टांगत मी," माणिकबाई तोंडावर बोलली. तिच्या मागं बाकीच्या. वावरात बोंडं फुटून लोंबत होती, अन् आजही गाडी निघाली नाही तर बाया दुसऱ्याच्या कामाला जाणार होत्या.

शकुनला काही वाटत नव्हतं असं नाही. एकदा तिनंच दार उघडून रिकाम्या सीटला विचारलं होतं, "काहून अडवून राहिले जी तुमी मले?"

गोदाबाई रोज सांजेला बेसनाच्या पातोडीची वाटी ब्रेकच्या पायाशी ठेवी. आज वाटी उचलताना तिनं खालचे पिवळट तुकडे दाखवले. "पाह्य वं, उष्टं सांडलं त्यानं. खाल्लं पोरानं."

शकुननं एक तुकडा उचलला, दाताखाली धरला. कटकन वाजला.

"आत्याबाई, तुमची पातोडी एवढी कडक कवापासून झाली? हे पिलाष्टिक हाये."

ती पाठीवर आडवी होऊन पेडलखाली सरकली, मोबाईलचा उजेड धरला. पेडलच्या पट्टीत एक भोक रिकामं होतं. त्याच्यापुढं ब्रेकच्या दिव्याच्या बटनाची बारीक कांडी बाहेर आलेली. पाय उचलला की भोकातली प्लास्टिकची टिकली कांडी दाबून धरायची अन् दिवे विझायचे. त्या टिकलीचाच ठिसूळ होऊन चुरा झाला होता. आता कांडी सरळ भोकातून पलीकडं, म्हणून दिवे सारखे लागलेले. शकुननं बोटानं कांडी दाबली.

"इझला!" मागून गोदाबाई ओरडली. "सोड वं! सोड त्याले!"

शकुननं बोट काढलं.

"आला," म्हातारीनं श्वास टाकला. "आला माय."

शकुन तशीच पडून राहिली. बोटाच्या जोरावर नवरा येत-जात होता, हे तिला सोसेना. राहू द्यावं का असंच? तेवढ्यात गल्लीतून माणिकबाईचा आवाज आला, "शकुन वं! येऊ का जाऊ दुसऱ्याकडं?"

"थांबा!"

फवारणीच्या पंपाच्या पट्ट्याचा एक नटबोल्ट तिनं काढला. बोल्टच्या डोक्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला, बोल्ट भोकात घालून मागून नट आवळला. डोकं कांडीवर टेकलं. कोठा काळा झाला.

"मंग गजू कुठी गेला?" अंधारात गोदाबाईनं विचारलं.

"मले नाही माईत, आत्याबाई."

म्हातारी वाटी मांडीवर घेऊन विझलेल्या दिव्यांकडं तोंड करून बसली. शकुननं गाडी बाहेर काढली तरी ती त्या रिकाम्या जागेकडं पाहतच होती.

माणिकबाईनं बसण्याआधी तपासणी केली. "दाब. लागला. सोड. इझला. उलीसाच, नखाएवढा आजार होता म्हन की." मग लुगडं आवरून आत चढली, बाकीच्या तिच्या मागं.

नाल्याच्या उतारावर शकुननं ब्रेक दाबला. मागच्या धुक्यात लाल उमटलं. बडबडणाऱ्या बाया एकदम गप झाल्या.

"माहा पाय हाये," शकुन म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं.

वावर आलं. दवानं कापूस जड झालेला, बोंडांची टोकं बोटं ओरबाडणारी. शकुननं कापूस वेचायची ओटी कमरेला बांधली अन् कपाशीच्या पहिल्या ओळीत शिरली.