माझी रायफल अन् बांधावरचा नारळ

२०२३ साल, माझं वय शहात्तर. पिंपळवंडीत माझ्याकडं लायसनची रायफल व्हती, फौजेच्या जुन्या रायफलीसारखी हुबेहूब बनवलेली. भुईमुगात रानडुकरं शिरायची म्हणून घेतलेली.

दसऱ्याला मी दरसालासारखं तिला हळदकुंकू वाहिलं. थोरला पोरगा भावकीदेखत म्हणाला, "आप्पा, आता ही ठाण्यात जमा करा. तुमचं डोळं गेलं."

"डोळं तुझं गेलं! लाव बांधावर नारळ. चुकलो तर उद्या जमा करतो."

नेम धरला तर समोर नुसतं तांबडं. तीन गोळ्या मातीत गेल्या, नारळ तसाच. सून पदराआड हसली.

"रायफल नकली, नेम बी नकली," पोरगा म्हणाला.

घरात येऊन बघितलं, तर नळीवरच्या ज्या खाचेतून नेम धरतात तिच्यात माझंच कुंकू वाळून बसलेलं. पण सांगितलं असतं तर म्हणाला असता, म्हातारा सबबी सांगतो. त्याच्यापुढं खुलासा द्यायला मी त्याचा गडी न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला न उठवता मी चालत ठाण्यात गेलो, धोतराच्या सोग्यानं खाच पुसून लख्ख केली अन् रायफल जमा करून आलो.